वॉशो काउंटीचा हुकूमनामा: नेवाडाचा सहा आठवड्यांचा घटस्फोट आणि जालंदरची पोटगी

२१ जानेवारी १९६५ रोजी जालंदरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे पोटगीचा एक अर्ज पडला. अर्जदार बाई, पदरात एक मुलगा आणि एक मुलगी, नवरा सहा वर्षांपूर्वी शिकायला म्हणून अमेरिकेला गेलेला. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८ खाली असे अर्ज देशभर पडत. नवऱ्याची मिळकत किती, मुलं किती, महिना किती द्यायचे, एवढ्यावर त्यांचा निकाल लागे.

नवऱ्याने वकिलामार्फत दिलेलं उत्तर मात्र वेगळं होतं. अर्जदार माझी बायकोच नाही, आमचा घटस्फोट ३० डिसेंबर १९६४ रोजी झालेला आहे. कुठे? तर अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, वॉशो काउंटीच्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) सेकंड ज्युडिशियल डिस्ट्रिक्ट कोर्टात. म्हणजे बाईचा अर्ज पडायच्या बावीस दिवस आधी.

या जोडप्याची नावं निकालपत्रात आहेत, इथे त्यांची गरज नाही. लग्न १ जुलै १९५५ चं, जालंदरमध्येच लागलेलं. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी १८ मे रोजी अमलात आला होता, म्हणजे लग्नाच्या जेमतेम सहा आठवडे आधी. (सहा आठवडे हा आकडा या प्रकरणात पुढेही भेटणार आहे.) नवरा गुरदासपूरला वनखात्यात अधिकारी. जानेवारी १९५९ मध्ये तो अमेरिकेला गेला, वर्षभर न्यूयॉर्क विद्यापीठात होता, मग युटा स्टेट युनिव्हर्सिटीत चार वर्षं वनशास्त्रात डॉक्टरेट केली आणि १९६४ मध्ये युटातच नोकरीला लागला. बायको-मुलं इकडेच.

शिक्षण युटात, नोकरी युटात. मग घटस्फोट शेजारच्या नेवाडात कशाला? हे समजल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही, म्हणून आधी नेवाडाकडे वळू.

चांदी संपल्यावर

नेवाडा म्हणजे वाळवंट. चांदीच्या खाणींवर उभं राहिलेलं राज्य, चांदी संपली तसं ओस पडत गेलं. १८८० मध्ये लोकसंख्या ६२,२६६ होती, १९०० मध्ये ४२,३३५. वीस वर्षांत तिसरा हिस्सा माणसं निघून गेली. शेती नाही, कारखाने नाहीत. विकण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे कायदा करण्याचा अधिकार. अमेरिकेत लग्न आणि घटस्फोट हा राज्यांचा विषय आहे, वॉशिंग्टनचा नाही.

खाणकामगार आज इथे तर उद्या तिथे, म्हणून १८६१ पासूनच नेवाडात रहिवासी ठरायला सहा महिने पुरत. या नियमात धंदा दडलेला आहे हे लोकांना १९०६ मध्ये कळलं. यू. एस. स्टील कंपनीचा अध्यक्ष विल्यम कोरी याच्या पत्नीने त्या वर्षी वॉशो काउंटीतल्या रीनो शहरात येऊन घटस्फोट घेतला आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत रीनोचं नाव झालं. पूर्वेकडची श्रीमंत मंडळी गाडीत बसून येऊ लागली. सनातन्यांनी ओरड केली तेव्हा विधिमंडळाने १९१३ मध्ये सहा महिन्यांचं वर्ष केलं. हॉटेलं, वकील, दुकानदार सगळे रिकामे बसले. दोन वर्षांत, १९१५ मध्ये, पुन्हा सहा महिने. धर्म आणि गल्ला यांच्या झटापटीत गल्ला जिंकला, आणि कोणी त्याबद्दल फारसं लाजलं नाही. १९२० मध्ये तर मेरी पिकफर्डसारखी जगप्रसिद्ध नटी नेवाडातल्या मिंडेन गावी घटस्फोट घेऊन गेली आणि त्याच महिन्यात डग्लस फेअरबँक्सशी लग्न करून मोकळी झाली. जाहिरातीवर एक पैसा खर्च न होता जाहिरात झाली.

मग स्पर्धा लागली. १९२७ मध्ये नेवाडाने सहा महिन्यांचे तीन महिने केले. आयडाहो आणि आर्कान्सा ही राज्यंही तीन महिन्यांवर उतरली. तेव्हा १९ मार्च १९३१ रोजी गव्हर्नर फ्रेड बाल्झर यांनी सहा आठवड्यांच्या मुदतीच्या विधेयकावर सही केली. त्याच दिवशी त्यांनी आणखी एका विधेयकावर सही केली, ते जुगार कायदेशीर करणारं. मंदीचे दिवस होते. गावकरी ज्या सहजतेने ओसरीतली एक खोली भाड्याने लावतात, तेवढ्याच सहजतेने हे झालं असावं.

बेचाळीस दिवसांचा रहिवासी

प्रत्यक्षात काय व्हायचं ते बघण्यासारखं आहे. बाई (येणाऱ्यांत बायका पुष्कळ असत, कारण नवऱ्याला दीड महिना कामधंदा सोडणं परवडत नसे) रीनो स्टेशनावर उतरायची. पैसेवाली असेल तर कोर्टाशेजारच्या रिव्हरसाइड हॉटेलात, मोकळी हवा हवी असेल तर एखाद्या ड्यूड रँचवर (पाहुणे ठेवून घेणाऱ्या गुराखी मळ्यावर) घोड्यांच्या सोबतीत, गरीब असेल तर कुणाच्या घरी पेइंग गेस्ट. वकील पहिल्याच दिवशी बजावायचा की राज्याची हद्द एका दिवसासाठीसुद्धा ओलांडायची नाही. दिवस भरले की दावा, मग सुनावणी.

सुनावणीत दोन माणसं बोलायची. पहिली स्वतः वादी. नेवाडात कधी आलात? इथे घर करायच्या इराद्याने आलात का? अजूनही तोच इरादा आहे का? तिन्हींची उत्तरं ठरलेली. दुसरा रहिवासाचा साक्षीदार, बहुतेक वेळा घरमालकीण किंवा रँचचा मालक. या बाईंना मी बेचाळीस दिवस रोजच्या रोज पाहिलं आहे, असं त्याने शपथेवर सांगायचं. कारण म्हणून बहुधा ‘मानसिक क्रूरता’ लिहिलेली असे आणि तिचा तपशील कोणी खोदून विचारत नसे. पाच-दहा मिनिटांत हुकूमनामा हातात. समोर विरोध करायला कोणी उभंच नसे, त्यामुळे चौकशी लांबायचं कारण नव्हतं. संध्याकाळच्या गाडीचं परतीचं तिकीट पर्समध्ये ठेवून ‘इथेच राहण्याचा इरादा आहे’ असं सांगणाऱ्या किती जणी होत्या याची मोजदाद कुणी केली नाही, पण न्यायाधीश, वकील, घरमालकीण, सगळ्यांना ते ठाऊक होतं. कोर्टाच्या पायऱ्या उतरून ट्रकी नदीच्या पुलावरून लग्नाची अंगठी पाण्यात फेकायची, अशी एक प्रथाही पडली. यातला किती भाग खरा आणि किती वर्तमानपत्रवाल्यांनी फुगवलेला, यावर रीनोत वाद चालतात. १९०५ चा तो पूल २०१५ मध्ये पाडला गेला.

थोडक्यात, नेवाडाचा कायदा घटस्फोटाच्या कारणांपेक्षा एका शपथेवर उभा होता, आणि ती शपथ बहुतेकदा खोटी होती.

दर कुणाचा?

आता आकड्यांकडे येऊ. घटस्फोटाचा ढोबळ दर काढायची रीत साधी आहे: वर्षभरात मंजूर झालेले घटस्फोट भागिले लोकसंख्या, गुणिले हजार. १९३१ मध्ये एकट्या वॉशो काउंटीत ४,७४५ घटस्फोट झाले. १९३० च्या जनगणनेत अख्ख्या नेवाडाची लोकसंख्या होती ९१,०५८. बाकीच्या काउंट्या सोडून दिल्या, फक्त वॉशोचे घटस्फोट पूर्ण राज्यावर पसरले, तरी हजारी ५२ होतात. त्या सुमाराला देशाचा दर हजारी दीडच्या आसपास होता.

म्हणजे नेवाडातले नवरा-बायको बाकीच्या अमेरिकेपेक्षा तीस-पस्तीस पट भांडकुदळ होते काय? अर्थातच नाही. अपूर्णांकाचा छेद नेवाडाचा होता, अंश न्यूयॉर्कचा आणि कॅलिफोर्नियाचा. न्यूयॉर्कात १७८७ पासून घटस्फोटाला एकच कारण चाले, व्यभिचार. साउथ कॅरोलायनात १९४९ पर्यंत घटस्फोटच नव्हता. कॅलिफोर्नियात मिळायचा, पण आधी अंतरिम आदेश आणि मग वर्षभर थांबणं. त्या राज्यांचे दर दिसायला नीट होते आणि त्यांची मोडलेली लग्नं रीनोच्या खात्यावर जमा होत होती. १९२९ ते १९३९ या दहा वर्षांत वॉशोच्या त्या एका कोर्टाने तीस हजारांहून जास्त घटस्फोट दिले.

पुढे हा दर उतरला तो नेवाडाने कायदा कडक केला म्हणून नाही. सहा आठवड्यांची मुदत आजही आहे, रहिवासाच्या साक्षीदाराचं शपथपत्र आजही लागतं. बदलले ते शेजारी. न्यूयॉर्कने १९६६ मध्ये कारणं वाढवली, ती पुढच्या वर्षी अमलात आली. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने (रोनाल्ड रेगन, जो स्वतः घटस्फोटित होता) १९६९ मध्ये ‘दोष कुणाचा’ हे न विचारता घटस्फोट देणाऱ्या कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १९७० पासून तो लागू झाला. लोकांना घरच्या घरी मिळू लागल्यावर वाळवंटात दीड महिना कोण काढणार? नेवाडाचा दर १९९० मध्ये हजारी ११.४ होता, २००० मध्ये ९.९ आणि २०१० मध्ये ५.९. देशाचा दर याच वर्षांत ४.७, ४.० आणि ३.६. अजूनही नेवाडा वर आहे, पण तो तिशी-पस्तिशीचा पट कुठल्या कुठे गेला.

याच राज्याचा लग्नाचा दर १९९० मध्ये हजारी ९९ होता. तो लास वेगासच्या चॅपेलांचा प्रताप, आणि त्यातली बहुसंख्य जोडपी पुढे घटस्फोट घ्यायची वेळ आलीच तर आपापल्या गावी घेतात. नेवाडाची आकडेवारी दोन्ही टोकांनी पाहुण्यांची आहे.

आपल्याकडे ‘अमुक राज्यात घटस्फोट वाढले’ अशा बातम्या वाचताना मला हा अपूर्णांक आठवतो. भारतात जन्म-मृत्यूची नोंदणी आहे, तशी घटस्फोटाची नाही. बातमीतला आकडा बहुधा कुटुंब न्यायालयात दाखल झालेल्या प्रकरणांचा असतो, मंजूर झालेल्या घटस्फोटांचा नव्हे. जातीच्या रूढीप्रमाणे झालेली काडीमोड हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने वैध ठेवली आहे, ती कुठल्याच कोर्टाच्या रजिस्टरात येत नाही. आणि जिला नवऱ्याने नांदवलंच नाही, घटस्फोटही दिला नाही, ती परित्यक्ता तर कुठेच येत नाही. २०११ च्या जनगणनेत ‘विभक्त’ म्हणून नोंदलेली माणसं ‘घटस्फोटितां’च्या दुपटीहून जास्त होती. तेव्हा कमी दर म्हणजे सुखी संसार, हे गणित न्यूयॉर्कातही चुकीचं होतं आणि इथेही चुकीचं आहे.

शपथ तपासायची कुणी?

दुसऱ्या राज्यांनी नेवाडाचा कागद मानायचा का, हा प्रश्न अमेरिकेतही चिघळला होताच. नॉर्थ कॅरोलायनातला एक दुकानदार आणि त्याच्याच दुकानातल्या कारकुनाची बायको असे दोघं १९४० च्या मे महिन्यात लास वेगासला गेले, रस्त्याकडेच्या एका मोटर कोर्टात, म्हणजे मोटारीने येणाऱ्यांच्या लॉजात, राहिले, आपापले घटस्फोट मिळवले, तिथेच एकमेकांशी लग्न केलं आणि गावी परतून संसार थाटला. गावाने खटला भरला, द्विभार्या-द्विपतीचा. ‘विल्यम्स विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना’ या नावाने तो दोनदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९४२ मध्ये न्यायालय म्हणालं, एका राज्याचा हुकूमनामा दुसऱ्याने मानला पाहिजे. १९४५ मध्ये म्हणालं, मानला पाहिजे, पण ते दोघं खरोखर नेवाडाचे झाले होते का हे नॉर्थ कॅरोलायनाला स्वतः तपासून पाहता येईल. शिक्षा कायम राहिली. घरमालकिणीच्या साक्षीवर उभा असलेला तो इमला पहिल्यांदा हलला तो इथे.

पुन्हा जालंदर

आता जालंदरच्या कागदांकडे. नेवाडातला दावा १९६४ च्या नोव्हेंबरात दाखल झाला होता. मजकूर ठरलेलाच: वादी नेवाडाचा खराखुरा रहिवासी आहे, सहा आठवड्यांहून जास्त काळ इथे आहे, इथे अनिश्चित काळ घर करण्याचा त्याचा इरादा आहे. कारण काय, तर तीन वर्षांहून जास्त काळ पती-पत्नी वेगळे राहत आहेत. ते खरंच होतं, कारण तोच सोडून गेला होता. हुकूमनामा एकतर्फी झाला. हातात पडताच गडी युटात परत.

भारतात त्याला हे जमलं नसतं. १९५५ च्या कायद्यात तेव्हा नुसतं वेगळं राहणं हे घटस्फोटाचं कारण नव्हतं. परित्याग आणि क्रूरता यांवर फक्त न्यायिक विभक्तता (लग्न न मोडता वेगळं राहण्याची मुभा) मिळे, तीही ज्याला सोडलं त्याला, सोडून जाणाऱ्याला नव्हे. परस्पर संमतीचा घटस्फोट तर १९७६ मध्ये आला.

दंडाधिकाऱ्यांनी सरळ विचार केला. हा माणूस नेवाडात कायमचा राहिलेला नाही, लग्न हिंदू कायद्याने झालं, तेव्हा मोडेल तर त्याच कायद्याने. डिसेंबर १९६६ मध्ये बायकोला महिना ३०० रुपये आणि दोन मुलांना प्रत्येकी १०० रुपये मंजूर झाले. सत्र न्यायालयाने ते कायम केलं. मग नवरा पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेला आणि जिंकला. उच्च न्यायालयाने प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश साम्राज्यातल्या शेवटच्या अपिलांच्या न्यायालयाच्या) १८९५ सालच्या जुन्या इंग्रजी तत्त्वाचा आधार घेतला: लग्नाचा निवाडा पती-पत्नीच्या अधिवासाच्या, म्हणजे कायमच्या घराच्या, ठिकाणी व्हावा, आणि बायकोचा अधिवास नवऱ्याच्या मागोमाग जातो. नवरा नेवाडाचा झाला, म्हणजे बायकोही झाली. जालंदरमध्ये दोन मुलं वाढवणारी बाई, जिने नेवाडा नकाशातही पाहिला नसेल, कायद्याच्या नजरेत वॉशो काउंटीची रहिवासी ठरली!

सर्वोच्च न्यायालयात १ ऑक्टोबर १९७४ रोजी निकाल लागला. तो लिहिला न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी. पुण्याचे, आयएलएस लॉ कॉलेजचे विद्यार्थी, पुढे सरन्यायाधीश. (१९८५ चा शाहबानो प्रकरणातला पोटगीचा निकालही त्यांचाच.) त्यांनी पोटगीच्या साध्या अर्जातून निघालेला हा धागा थेट विल्यम्स प्रकरणापर्यंत नेला आणि मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ वर येऊन थांबले. परकी कोर्टाचा निकाल भारतात बंधनकारक असतो, पण त्या कोर्टाला अधिकारच नसेल किंवा निकाल लबाडीने मिळवला असेल, तर नाही. नेवाडाच्या कोर्टाचा अधिकार एकाच गोष्टीवर टेकलेला होता, वादीचा नेवाडात अधिवास आहे यावर. तो नसेल तर खाली काहीच उरत नाही. आणि तो नव्हता, हे त्या गृहस्थाने हुकूमनामा मिळताच नेवाडा सोडून स्वतःच सिद्ध केलं होतं. न्यायमूर्तींच्या लेखी तो तिथे उडत्या पाखरासारखा टेकला होता, कोर्ट गाठण्यापुरता.

या निकालातली मला सर्वांत प्रामाणिक वाटणारी जागा म्हणजे त्याच्या परिणामाची कबुली. हे लग्न आता लंगडत चालणार, असं न्यायालय उघडपणे म्हणतं. नेवाडात हे दोघं घटस्फोटित, भारतात पती-पत्नी. मोजदादीच्या भाषेत सांगायचं तर नेवाडाच्या १९६४ च्या आकड्यात हा घटस्फोट एक म्हणून धरला गेला, तो माणूस जिथे खरोखर राहत होता त्या युटात शून्य, आणि जिथे लग्न लागलं तिथेही शून्य. ही विचित्र स्थिती टाळायला संसदेने कायदा करावा, परकी घटस्फोट कधी मानायचे हे सांगणारे इंग्लंडचा १९७१ चा कायदा आणि १९७० चा हेग करार नमुन्याला घ्यावेत, पण फसवून मिळवलेले हुकूमनामे नाकारायची सोय त्यात ठेवावी, असंही त्यात सुचवलं आहे. विधी आयोगाने १९७६ मध्ये ६५ व्या अहवालात यावर शिफारशी केल्या. कायदा झाला नाही.

तो न झाल्याने पुढची वाटही न्यायालयालाच करावी लागली. ९ जुलै १९९१ रोजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी तिरुपतीला लग्न लागलेल्या एका जोडप्याच्या प्रकरणात नियम घालून दिले. त्यात नवऱ्याने मिसुरी राज्यातून घटस्फोट आणला होता, तिथली मुदत नव्वद दिवसांची. ज्या कायद्याने लग्न झालं त्या कायद्याखालचं कोर्ट आणि त्या कायद्यातलं कारण, एवढंच मान्य. अपवाद मोजके: समोरचा पक्ष त्या देशात खरोखर कायम राहत असेल, किंवा त्याने आपणहून हजर होऊन दावा लढवला असेल, किंवा संमती दिली असेल. समन्स घरी पोचलं आणि बाई गेली नाही, एवढ्याने ती बांधली जात नाही. न्यू जर्सीतून किंवा कॅलिफोर्नियातून पुण्या-ठाण्याच्या सुनेच्या नावाने इंग्रजी कागदांचं पाकीट येतं, तेव्हा कौटुंबिक वकील आधी हाच निकाल काढून बसतात.

१९७४ च्या निकालाने जालंदरच्या दंडाधिकाऱ्यांचा मूळ आदेश पुन्हा उभा केला. तीनशे आणि शंभर-शंभर, १९६६ चे दर, १९७४ ची महागाई. बाप गेला तेव्हा १९५९ चा जानेवारी होता, म्हणजे निकालाच्या दिवशी धाकटं मूलही निदान पंधरा वर्षांच्या जवळ आलेलं. आणि पैसे द्यायचे होते ते युटात राहणाऱ्या माणसाने, जालंदरच्या कोर्टाच्या आदेशावरून.